फिर्यादीचे इमान

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



न्यायाविषयी बोलताना आपले लक्ष स्वाभाविकपणेच दोन व्यक्तींकडे जाते. एक आरोपी आणि दुसरा न्यायाधीश. आरोपीला बचावाची पुरेशी संधी मिळाली की नाही आणि न्यायाधीश निःपक्षपाती होता की नाही, हे दोन प्रश्न आपण नेहमी विचारतो आणि ते विचारलेच पाहिजेत. परंतु प्रत्येक खटल्यात आणखी एक व्यक्ती असते. ती म्हणजे फिर्यादी. त्याने तोंड उघडल्याखेरीज खटला उभा राहत नाही. मग हा फिर्यादीच खोटा निघाला तर? तो आतून आरोपीला सामील असला तर? अथवा मोठा गाजावाजा करून आरोप केल्यावर मधेच गुपचूप बाजूला झाला तर? या प्रश्नांचा अत्यंत बारकाईने विचार प्राचीन रोमन लोकांनी केला. त्यांच्या विचारात आणि त्यांच्या अपयशातही आपल्याला शिकण्याजोगे पुष्कळ आहे, म्हणून आजचा विषय घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्राचीन रोममध्ये आजच्यासारखा सरकारी वकील नव्हता. खून, खंडणी, राजद्रोह, निवडणुकीतील लाचलुचपत अशा गुन्ह्यांचे खटले चालविण्यासाठी शासनाचे स्वतंत्र खाते नव्हते. कोणाही प्रतिष्ठित नागरिकाने पुढे यावे, अमक्यावर मी आरोप ठेवतो असे न्यायाधिकाऱ्यापुढे जाहीर करावे, पुरावा स्वतः गोळा करावा आणि खटला शेवटपर्यंत लढवावा, अशी रीत होती. इ. स. पूर्व १४९ मध्ये प्रांताधिकाऱ्यांच्या लुटीची चौकशी करण्यासाठी पहिले स्थायी न्यायालय स्थापन झाले आणि पुढे निरनिराळ्या गुन्ह्यांसाठी अशी न्यायालये वाढत गेली.

या पद्धतीत लोकशाहीचा एक अंश निश्चितच होता. जमिनीच्या फेरवाटपाच्या लढ्यात प्राणास मुकलेल्या ग्राकस बंधूंची नावे आपणांस परिचित आहेत. त्यांपैकी धाकटा, गायस, याच्या काळात, म्हणजे इ. स. पूर्व १२३-१२२च्या सुमारास, खंडणीविरोधी एक कायदा झाला. ब्राँझच्या पत्र्यांवर कोरलेले त्याचे तुकडे आजही उपलब्ध आहेत. लुबाडल्या गेलेल्या परप्रांतीय प्रजाजनाला रोमन अधिकाऱ्याविरुद्ध स्वतः उभे राहण्याची वाट या कायद्याने मोकळी केली. आरोप शाबीत झाल्यास लुटीच्या दुप्पट रक्कम वसूल होई आणि यशस्वी फिर्यादीस रोमचे नागरिकत्व देऊ केले जाई. जित प्रजेतील माणसाने जेत्यांच्या अधिकाऱ्याला न्यायासनापुढे खेचावे आणि त्याबद्दल राज्याने त्याचा गौरव करावा, ही कल्पना त्या काळाच्या मानाने असामान्यच म्हटली पाहिजे.

परंतु आरोप करण्याचा अधिकार जितका व्यापक, तितकी त्याच्या दुरुपयोगाची शक्यताही मोठी. म्हणूनच फिर्यादीला बांधून घेणारे नियम रोमन कायद्यात हळूहळू तयार झाले.

तीन अपराध

रोमन कायदेपंडितांनी फिर्यादीच्या अपराधांचे तीन प्रकार मानले. तिसऱ्या शतकातील मार्सियन या कायदेपंडिताने त्यांची व्याख्या केली आणि इ. स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने प्रसृत केलेल्या डायजेस्ट या संग्रहात ती जतन झाली आहे. पहिला अपराध कालुम्निया, म्हणजे जाणूनबुजून खोटा आरोप करणे. दुसरा प्राएवारिकातिओ, म्हणजे प्रतिपक्षाशी संगनमत करून खरा गुन्हा झाकणे. तिसरा तेर्गिव्हर्सातिओ, म्हणजे केलेल्या आरोपाकडे पाठ फिरवून खटला सोडून देणे. खोटे बोलणे, खरे लपविणे आणि बोलून गप्प बसणे, असे हे तीन दोष आहेत.

यांतील दुसऱ्या शब्दाची कुळकथा शेतकऱ्यांच्या देशात अवश्य सांगण्यासारखी आहे. थोरला प्लिनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथात म्हणतो, की हा शब्द नांगरणीतून आला. औतावर वाकून नीट जोर न देणाऱ्या नांगऱ्याचे तास वाकडे जाते. त्या वाकड्या तासाचे नाव पुढे न्यायालयातील वाकड्या चालीला मिळाले. दुरून पाहणाऱ्याला औत चालले आहे असे वाटते, बैलही घामाघूम झालेले दिसतात, पण तास मात्र सरळ पडत नाही. संगनमताने चालविलेल्या खटल्याचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल.

खोट्या फिर्यादीसंबंधी रेमियस या नावाने ओळखला जाणारा एक कायदा इ. स. पूर्व ८० च्या आधीपासून अस्तित्वात होता. त्या साली सिसेरोने केलेल्या एका भाषणात, खोट्या फिर्यादीच्या कपाळी कायदा ‘के’ हे अक्षर उमटवतो असा उल्लेख आहे. कालुम्निया या शब्दाचे ते जुन्या लेखनपद्धतीतील आद्याक्षर. प्रत्यक्ष डाग देत असत की हे बोलणे केवळ आलंकारिक होते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. खोट्या फिर्यादीची नागरिक म्हणून पत जाई, हे मात्र निर्विवाद आहे.

ज्या खटल्यात हे भाषण झाले तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुल्ला या हुकूमशहाने आपल्या शत्रूंच्या याद्या जाहीर करून त्यांचे शिरकाण चालविले होते. यादीतील माणसाची मालमत्ता जप्त होऊन लिलावात निघे. अमेरिया गावचा एक सधन जमीनदार रोममध्ये मारला गेला. याद्या बंद होण्याची मुदत उलटून गेल्यावर त्याचे नाव यादीत घुसडण्यात आले आणि ६० लाख सेस्टर्सची त्याची मालमत्ता सुल्लाच्या मर्जीतील क्रिसोगोनस याने अवघ्या २ हजारांत घशात घातली. मग अडसर राहिला तो मृताचा मुलगा रोसियस. त्याचा काटा काढण्यासाठी त्याच्यावरच पितृहत्येचा आरोप ठेवण्यात आला आणि एरुसियस नावाचा धंदेवाईक फिर्यादी उभा करण्यात आला. म्हणजे ज्यांनी लुटले त्यांनीच फिर्याद करविली. क्रिसोगोनसच्या भीतीने आरोपीच्या बाजूने उभे राहावयास नामांकित वक्ते धजावेनात. तेव्हा २६ वर्षांचा सिसेरो उभा राहिला आणि रोसियस सुटला.

या भाषणात सिसेरोने एक मार्मिक दृष्टांत दिला आहे. कॅपिटोलच्या टेकडीवर राखणीसाठी सार्वजनिक खर्चाने कुत्रे पाळले जात. त्यांना चोर ओळखता येत नाहीत, हे सर्वांना मान्य असे. रात्री कोणी आले की त्यांनी भुंकावे, यात काही गैर नाही. राखण करताना झालेली चूक माफ आहे. परंतु भर दिवसा देवदर्शनाला येणाऱ्या भाविकांवर ते भुंकू लागले, तर त्यांचे पाय मोडावेत. फिर्यादीचेही तसेच. संशयाला जागा असताना त्याने ओरडलेच पाहिजे, मात्र संशयाचा लवलेश नसताना ओरडणाऱ्याची गय करता कामा नये.

शाबीत झाले नाही आणि खोटे आहे

या दृष्टांतात जो विवेक आहे तो पुढे कायद्यातही उतरला आणि माझ्या मते रोमन विधिशास्त्राची या विषयातील ही सर्वांत मोलाची देणगी आहे. आरोप शाबीत झाला नाही, एवढ्यावरून फिर्यादी खोटा ठरत नाही, असे मार्सियन स्पष्टपणे सांगतो. आरोपी सुटल्यावर न्यायाधीशाने फिर्यादीच्या हेतूची स्वतंत्र तपासणी करावी. कोणत्या बुद्धीने तो पुढे आला, हे पाहावे. प्रामाणिक गैरसमज दिसला तर त्याला मोकळे करावे आणि दुष्टावा उघड दिसला तरच शिक्षा द्यावी. निकालाचे शब्दही वेगवेगळे होते. ‘तुला शाबीत करता आले नाही’ असे म्हटले तर फिर्यादी निर्दोष, आणि ‘तू खोटी फिर्याद केलीस’ असे म्हटले तर तो दोषी.

आपल्याकडेही आरोपी निर्दोष सुटला की फिर्याद खोटीच होती, असा डांगोरा तत्काळ पिटला जातो. साक्षीदार घाबरले असतील, कागद गहाळ केले गेले असतील, तपासच धड झाला नसेल, याचा विचार कोणी करीत नाही. आपल्या दंडविधानाने हा भेद मानलेला आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे २११वे कलम आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे २४८वे कलम, या दोहोंतही आरोपाला न्याय्य वा कायदेशीर आधार नाही हे माहीत असताना, इजा करण्याच्या हेतूने तो केलेला असणे आवश्यक मानले आहे.

आतून सामील असलेला फिर्यादी

खोट्या फिर्यादीने एका निरपराध माणसाचे नुकसान होते. संगनमताच्या फिर्यादीने सबंध समाजाचे होते. कारण एकदा निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच आरोपाखाली पुन्हा खटला भरता येत नाही, हे तत्त्व रोमन कायद्यालाही मान्य होते. मग बड्या गुन्हेगाराला सर्वांत सोयीचे काय? आपल्याच माणसाला फिर्यादी करणे. तो लुटुपुटीचा हल्ला चढवितो, महत्त्वाचे साक्षीदार टाळतो, खटला हरतो आणि गुन्हेगार जन्माचा निश्चिंत होतो. हे ओळखूनच, संगनमत शाबीत झाल्यास आधीची निर्दोषता आड येणार नाही, असा अपवाद रोमन कायद्याने ठेवला होता.

इ. स. पूर्व ७० मधील व्हेरेसचा खटला या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. व्हेरेसने तीन वर्षे सिसिलीचा कारभार पाहिला आणि प्रांत धुऊन नेला. सिसिलीच्या नगरांनी सिसेरोकडे धाव घेतली. इतक्यात क्विंटस सीसिलियस नावाचा दुसरा फिर्यादी पुढे सरसावला. हा कोण? तर व्हेरेसच्याच हाताखाली सिसिलीत खजिन्याचे काम केलेला अधिकारी! दोन फिर्यादी असले तर कोणाची निवड करायची यासाठी स्वतंत्र सुनावणी होत असे. तीत सिसेरोने या उसन्या आवेशाचे पितळ उघडे पाडले. पुरावा गोळा करण्यासाठी त्याने ११० दिवस मागून घेतले. तेव्हा लगेच अन्य एका इसमाने आणखी एका प्रांताच्या खंडणीचा खटला काढून १०८ दिवसांची मुदत मागितली. हेतू हा, की दोन दिवस आधी तो खटला लागून व्हेरेसचा मागे पडावा. सिसेरोच्या म्हणण्याप्रमाणे हे गृहस्थ पुरावा आणावयास निघाले ते इटलीच्या किनाऱ्यावरील ब्रुंडिझियमपर्यंतसुद्धा पोहोचले नाहीत! सिसेरोने मात्र ५० दिवसांत सिसिली पालथी घातली, आणि पुराव्याचा ओघ पाहून व्हेरेस निकालापूर्वीच देश सोडून मासिलियास गेला.

अर्थात सिसेरोला देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही. इ. स. पूर्व ६५ मध्ये कॅटिलिनावर खंडणीचा खटला झाला. त्या वेळी त्याचे वकीलपत्र घेण्याचा सिसेरोचा विचार होता, आणि फिर्यादी सर्वस्वी अनुकूल आहे असे त्याने मित्राला समाधानाने कळविले आहे. संगनमताचा लाभ आपल्या पदरात पडणार असेल, तर भल्याभल्यांना त्यात वावगे दिसत नाही.

बक्षीस आणि भीती

प्रजासत्ताक संपले, सम्राटांची राजवट आली आणि फिर्यादीचे रूप पालटले. इ. स. ९ च्या एका कायद्याने अविवाहितांच्या व निपुत्रिकांच्या वारसाहक्कावर मर्यादा घातल्या आणि अशी प्रकरणे उजेडात आणणाऱ्यास बक्षीस ठेवले. घराघरांत चहाडखोर शिरले. त्यांनी इतक्या कुटुंबांना देशोधडीस लावले, की इ. स. २० मध्ये तायबेरियस बादशहाला १५ जणांची समिती नेमून कायद्याची गुंतागुंत सोडवावी लागली. राजद्रोहाच्या खटल्यांत तर आरोपीच्या मालमत्तेचा चौथा हिस्सा फिर्यादीला मिळे. ज्याच्या घरात धन अधिक, त्याच्यावर संशयही अधिक, असा हा व्यवहार होता.

टॅसिटस या इतिहासकाराने त्या काळाचे जे चित्र रेखाटले आहे, ते वाचताना मन विषण्ण होते. इ. स. २५ मध्ये क्रेमुसियस कॉर्डस या इतिहासलेखकावर खटला झाला. सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रुटसची त्याने स्तुती केली आणि कॅसियसला अखेरचा रोमन म्हटले, हा त्याचा गुन्हा. त्याचे फिर्यादी सेजेनस या सर्वशक्तिमान अधिकाऱ्याचे आश्रित होते. कॉर्डसने अन्नत्याग करून प्राण सोडला आणि त्याची पुस्तके जाळण्यात आली. टिटियस सॅबिनस या गृहस्थाचे प्रकरण याहून किळसवाणे आहे. कॉन्सलपदाची आशा लागलेल्या चार प्रतिष्ठितांनी कट केला. त्यांतील एकाने मित्रत्वाचे सोंग करून सॅबिनसला बोलते केले आणि उरलेले तिघे सिनेटर छत व तक्तपोशी यांच्यामधील पोकळीत दडून भोकांना कान लावून बसले! इ. स. २८ च्या वर्षारंभाच्या दिवशीच सॅबिनसचा बळी गेला. त्यानंतर नगरात लोक एकमेकांशी बोलेनासे झाले, भिंतींकडे आणि छतांकडेही साशंकतेने पाहू लागले, असे टॅसिटस सांगतो.

इ. स. २४ मधील एका प्रसंगात तर मुलानेच बापावर राजद्रोहाचा आरोप ठेवला. लोकक्षोभाला भिऊन तो मुलगा रोम सोडून राव्हेनाला पळाला, तेव्हा त्याला परत आणून खटला पुढे चालविण्यास भाग पाडण्यात आले. आरोपी निकालापूर्वी आत्महत्या करील तर फिर्यादीला बक्षीस देऊ नये, अशी सूचना याच सुमारास सिनेटमध्ये आली. तायबेरियसने तिला कडाडून विरोध केला. फिर्यादी हे कायद्याचे राखणदार आहेत आणि त्यांना दूर करण्यापेक्षा कायदेच बुडवलेले बरे, असे त्याचे म्हणणे. राखणीच्या कुत्र्यांचा सिसेरोचा दृष्टांत आता असा फिरला होता! ज्यांचे पाय मोडावयाचे, त्यांनाच मांस चारण्यात येत होते.

वास्तविक याच सम्राटांच्या राजवटीत फिर्यादीला शिस्त लावणारे उत्तम कायदे झाले. इ. स. ६१ मध्ये, नीरोच्या कारकिर्दीत, खोट्या मृत्युपत्राचे एक प्रकरण गाजले. त्यातील आरोपींना कडक न्यायाधिकाऱ्यापासून वाचविण्यासाठी एकाने त्यांना मुद्दाम दुसऱ्या न्यायासनापुढे नेले. त्याला इटलीबाहेर घालविण्यात आले आणि सिनेटने ठराव केला, की अशा प्रकारची मदत विकणारा व विकत घेणारा दोघेही खोट्या फिर्यादीइतकेच दोषी मानले जावेत. तुर्पिलियसच्या नावाने ओळखला जाणारा आणि खटला अर्ध्यावर सोडणाऱ्यास दंडित करणारा सिनेटचा ठरावही याच वर्षाचा. पुढे लेखी फिर्यादीचा नमुना ठरला. न्यायाधिकारी कोण, कोणत्या कायद्याखाली आरोप, गुन्हा कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कोणत्या महिन्यात घडला, हे सारे लिहून फिर्यादीने खाली सही करावयाची आणि निकालापर्यंत मागे न हटण्याचे बंधन पत्करावयाचे. ट्रेजन बादशहाने प्लिनीला पाठविलेल्या उत्तरात, निनावी अर्जांना कोणत्याही आरोपात स्थान देऊ नये, असे स्पष्ट बजावले.

मग हे सारे असूनही चहाडखोरांचे राज्य का माजले? त्याचे उत्तर इ. स. ६६ च्या एका खटल्यात मिळते. वर उल्लेखिलेले ठराव होऊन पाचच वर्षे झाली होती. थ्रेसिया पीटस हा स्वाभिमानी सिनेटर राजाच्या खुशामतीत सामील होत नाही म्हणून त्याच्यावर आरोप ठेवून त्याला मृत्यूच्या दाढेत लोटण्यात आले. त्याच्या दोन मुख्य फिर्यादींना प्रत्येकी ५० लाख सेस्टर्स देण्यात आले. त्या काळी साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार ९०० सेस्टर्स होता. म्हणजे एकेका फिर्यादीला साडेपाच हजारांहून अधिक सैनिकांचे वर्षाचे वेतन एका खटल्यात मिळाले! कायद्याच्या पुस्तकात खोट्या फिर्यादीला शिक्षा होती आणि सत्तेच्या तिजोरीत तिच्यासाठी इनाम होते. या दोहोंत जय कोणाचा व्हावयाचा, हे सांगावयास ज्योतिषी नको.

पुढे टायटसने चहाडखोरांना भर चौकात फटके मारविले आणि रंगभूमीवर फिरवून गुलाम म्हणून विकले वा बेटांवर धाडले. ट्रेजनने त्यांना गलबतांत भरून समुद्रात सोडले. प्रजेने टाळ्या वाजविल्या. परंतु राजद्रोहाचा कायदा कायम राहिला. राजाची मर्जी बदलताच नवे चहाडखोर तयार होत. माणसे बुडविली, धंदा तरला.

गरिबाचे काय?

या इतिहासाची आणखी एक बाजू आपल्यासारख्यांनी विसरता कामा नये. खोट्या फिर्यादी थांबविण्याच्या नावाखाली दरवाजा कोणासाठी बंद झाला? डायजेस्टमध्ये आरोप करण्यास अपात्र ठरविलेल्यांची यादी आहे. तीत बदनाम झालेले आहेत, आरोपासाठी पैसे खाल्लेले आहेत, हे योग्यच. परंतु तीत स्त्रिया आहेत, धन्याविरुद्ध जाणारे मुक्त गुलाम आहेत आणि ५० सुवर्णनाण्यांपेक्षा कमी मालमत्ता असलेले दरिद्री लोकही आहेत! स्वतःवरील अन्यायापुरती वा आप्ताच्या खुनापुरती सवलत होती, एवढेच. सार्वजनिक अन्यायाविरुद्ध बोट दाखवावयाचे तर गाठीला ५० सोन्याची नाणी हवीत. पुढे इ. स. ४२३ च्या एका फर्मानाने, आरोप शाबीत न करू शकणाऱ्या फिर्यादीवर आरोपीला होणारीच शिक्षा ओढवेल, असे दडपण पक्के केले. ऐकावयास हे तत्त्व समतोल वाटते. परंतु जमीनदार आणि त्याचे कूळ यांच्यात हा तराजू समतोल कसा राहणार? ज्याच्याजवळ वकील, साक्षीदार आणि अधिकाऱ्यांची ओळख आहे तो शाबीत करतो. ज्याच्याजवळ केवळ सत्य आहे तो पुष्कळदा शाबीत करू शकत नाही. आरोपीइतकीच शिक्षा फिर्यादीला व्हावी, ही मागणी आजही अधूनमधून ऐकू येते. ती करणाऱ्यांनी मार्सियनचा तो विवेक प्रथम वाचावा.

तेव्हा निष्कर्ष काय? चहाडखोरी ही केवळ शिक्षेच्या अभावी फोफावत नाही. ती बक्षिसावर आणि सत्ताधीशाच्या भयगंडावर पोसली जाते. म्हणून आरोपापासून मिळणारा लाभ तोडला पाहिजे आणि मतभेदाला राजद्रोह ठरविणारे कायदे मोडीत काढले पाहिजेत. दुसरे, प्रामाणिक फिर्यादीला अभय दिले पाहिजे. त्याचा आरोप टिकला नाही तरी त्याचा हेतू तपासल्याखेरीज त्याला गुन्हेगार म्हणता कामा नये.

आणि तिसरे आपल्याविषयी. सार्वजनिक जीवनात काम करणारा कार्यकर्ता हा एका अर्थाने जनतेचा फिर्यादीच असतो. त्या तीन रोमन अपराधांची कसोटी त्याने प्रथम स्वतःला लावावी. ऐकीव गोष्टीवर आरोप करणे सोपे असते. सभेत गर्जना करून पुढे तडजोडीच्या बैठकीत मवाळ होणे त्याहून सोपे असते. मोर्चा निघाला, निवेदन दिले, छायाचित्र छापून आले आणि मग त्या प्रकरणाची फाईल कोठे गेली हे कोणी विचारलेच नाही, हे तर नित्याचेच. गाव, घर आणि महिना लिहून खाली सही करण्याची तयारी असेल तेव्हाच आरोप करावा, आणि एकदा केला की निकाल लागेपर्यंत पाठ फिरवू नये. बलाढ्यांविरुद्ध उभे राहणाऱ्याच्या हाती पैसा नसतो, सत्ता नसते. त्याच्या शब्दाला जे वजन असते ते त्याच्या सरळपणाचे. औतावर हात ठेवला आहे, तर तास सरळ गेले पाहिजे.